स्नो डे भरून काढा, पण जूनमध्ये नको

तुमचा प्रश्न असा, की या हिवाळ्यात बर्फामुळे सहा दिवस शाळा बंद राहिली, 17 जूनला संपणारं वर्ष आता 26 जूनपर्यंत गेलंय, पुण्याची तिकिटं 20 तारखेची आहेत, आणि हे दिवस भरून काढण्यात खरंच काही अर्थ आहे की नुसती हजेरीची औपचारिकता? मुलगा पाचवीत आहे, त्याला शेवटचा आठवडा बुडवायला लावला तर काय बिघडेल?

मी मॅसॅच्युसेट्समध्ये 18 वर्षं आहे, त्यातली 12 शाळेत गेली, आधी असिस्टंट म्हणून आणि मग मिडल स्कूलला गणित शिकवत. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघितलंय, पहाटे साडेपाचला शाळा बंद असल्याचा फोन वाजला की आनंदाने परत झोपणारी मीच आणि 24 जूनला तिसऱ्या मजल्यावरच्या एसी नसलेल्या वर्गात 26 घामेजलेल्या पोरांसमोर उभी असणारी पण मीच. तर थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी नियम काय आहे ते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की शाळा मुद्दाम छळतात. तसं नाहीये. आपल्या मॅसॅच्युसेट्समध्ये शाळेला वर्षात किमान 180 दिवस भरवावीच लागते आणि कॅलेंडर आखताना 185 दिवसांचं आखावं लागतं, म्हणजे पाच दिवस आधीच बर्फाच्या नावाने बाजूला ठेवलेले असतात. शिवाय तासांचा पण हिशोब आहे, एलिमेंटरीला 900 आणि वरच्या वर्गांना 990. आता गंमत बघा, 990 ला 180 ने भागलं तर दिवसाला साडेपाच तास येतात, आणि आमची शाळा भरते साडेसहा तास, जेवण वगैरे वजा करूनही बऱ्याच ठिकाणी तास उरतात. पण ते उरलेले तास उपयोगाचे नाहीत कारण 180 चा आकडा वेगळा मोजला जातो. दोन तास उशिरा भरलेली शाळा पूर्ण दिवस धरली जाते, लवकर सोडली तरी पूर्ण दिवस, आणि बंद ठेवली की शून्य. म्हणून सुपरिंटेंडंट लोक (गावातल्या सगळ्या शाळांचे प्रमुख) डिलेवर, म्हणजे शाळा उशिरा भरवण्यावर, इतकं प्रेम करतात.

ओहायोने 2014-15 पासून हे सोडून दिलं, तिकडे आता दिवस नाही, तास मोजतात, सहावीपर्यंत 910 आणि सातवीच्या पुढे 1,001. शाळेचं वेळापत्रक मुळातच त्याहून जास्त तासांचं असेल तर चार-पाच दिवस बर्फात गेले तरी काही भरून द्यावं लागत नाही. मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं. (भारतात आरटीई कायद्यात दोन्ही आहे, पहिली ते पाचवी 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवी 220 दिवस आणि 1,000 तास. आईला फोनवर एकदा हे सगळं समजावत होते तर ती म्हणाली, अगं पण बर्फ पडला हा पोरांचा गुन्हा आहे का.)

आता मुख्य मुद्दा. भरून काढायचे का? माझं उत्तर हो असं आहे, पण जूनमध्ये भरून काढणं म्हणजे जेवण झाल्यावर भाजीत मीठ घालणं. जानेवारी-फेब्रुवारीत जे बुडतं ते मे महिन्याच्या आधी हवं असतं. एमकॅसचे, म्हणजे राज्याच्या वार्षिक परीक्षेचे, पेपर मार्चअखेरपासून सुरू होतात आणि गणित मेमध्ये येतं. हायस्कूलवाल्यांच्या एपी परीक्षा (कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत, त्या देशभर एकाच तारखेला, मग तुमच्याकडे नऊ फूट बर्फ पडो नाहीतर ऊन असो. दक्षिणेकडच्या कितीतरी शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच भरतात, आमच्याकडे लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आसपास, म्हणजे तिकडची पोरं आधीच तीन-चार आठवडे पुढे आणि त्यात आमचे सहा दिवस बर्फात. ते सहा दिवस 26 जूनला परत मिळाले तर त्या एपीवाल्या मुलीने त्यांचं काय करायचं? लोणचं घालायचं?

आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात वर्गात काय चालतं ते मी खोटं सांगणार नाही. ग्रेड्स भरून झालेल्या असतात, क्रोमबुक परत घेतलेले असतात, भिंतीवरचे तक्ते उतरवलेले असतात. फील्ड डे होतो, ईयरबुकवर सह्या होतात, मग सिनेमा लावतात. मी पण लावलाय. एका वर्षी मी ठरवलं की नाही, आपण शिकवायचंच, आणि प्रमाणावरचा एक छान धडा तयार करून नेला, बाहेर 90 डिग्री फॅरनहाइट, पंखे दोन, वर्गात 26 पैकी 15 पोरं हजर, आणि दहा मिनिटांनी एकाने हात वर करून अगदी सभ्यपणे विचारलं की हे मार्कांना आहे का. मी म्हटलं नाही. झालं, तिथेच धडा संपला.

2015 आठवतंय का कुणाला? मी तेव्हा असिस्टंट होते. बॉस्टनला त्या सीझनला 110.6 इंच बर्फ पडला, म्हणजे सव्वानऊ फुटांच्या जवळपास, आणि त्यातला 64.8 इंच एकट्या फेब्रुवारीत. वादळंही अशी शिस्तीत यायची की रविवार-सोमवार आलं की परत सुरू. शहराने बर्फ टाकायला जी जागा केली होती तिथला ढीग पूर्ण वितळायला 14 जुलै उजाडला! त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा बघितलं की नुकसान नक्की कुठे होतं. एकेक दिवस गेल्याने नाही होत, सलगपणा गेल्याने होतं. शुक्रवारी समीकरणं सुरू केली, सोमवार-मंगळवार बंद, बुधवारी दोन तास उशिरा, तास 25 मिनिटांचा, गुरुवारी निम्मी पोरं बुटांतला बर्फ झटकतायत, शुक्रवारी परत शून्यापासून. हुशार पोरं घरी बसून काहीतरी करत होती, ज्यांच्या घरी कुणी बघणारं नव्हतं ती मागे पडत गेली, आणि जूनमधल्या वाढीव दिवसांनी त्यातलं काहीही भरून निघालं नाही.

यावर अभ्यास पण झालेत, आणि ते एकमेकांशी भांडतात म्हणून मजा येते. मेरीलँडच्या आकडेवारीवर डेव्ह मार्कोट या अर्थशास्त्रज्ञाने काम केलं, त्यात जास्त बर्फाच्या वर्षी परीक्षेतली कामगिरी घसरलेली दिसली, खास करून लहान वर्गांची. उलट जोशुआ गुडमन हार्वर्डच्या केनेडी स्कूलला असताना त्याने आपल्याच राज्याचा 2003 ते 2010 चा डेटा तपासला आणि 2014 मध्ये मांडलं की शाळा बंद राहण्याचा मार्कांवर परिणाम दिसत नाही, पण एकेकट्या मुलाच्या गैरहजेरीचा दिसतो. कारण सोपं आहे आणि वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही पटेल. शाळा बंद असली की सगळेच थांबतात, मी परत आल्यावर जिथे सोडलं तिथून धरते, कुठला धडा आटपायचा ते ठरवते. पण 26 पैकी तिघं सोमवारी नाहीत, दुसरे दोघं मंगळवारी नाहीत, तर मी कुणासाठी थांबू? माझा 2015 चा अनुभव पहिल्याच्या बाजूने आणि बाकीच्या वर्षांचा दुसऱ्याच्या बाजूने. चार-पाच दिवस गिळता येतात, नऊ-दहा गेले की नाही, असं माझं मत.

इथे आपल्या लोकांना एक टोचणारं सांगते, राग मानू नका. स्नो डेवर तावातावाने बोलणारे आपल्यातलेच कितीतरी जण डिसेंबरची सुट्टी दोन्ही बाजूंनी ताणून भारतात चार आठवडे जाऊन येतात, जानेवारीचे आठ-दहा शाळेचे दिवस मुलाचे जातात, आणि तेव्हा म्हणतात, अहो काही नाही, पाचवीतच तर आहे. मी पण केलंय हे, लग्न होतं दिराचं. परत आल्यावर थोरल्याला अपूर्णांकांच्या भागाकारात जो खड्डा पडला तो बुजवायला मला, घरात गणिताची बाई असून, मार्च उजाडला. 180 च्या 10 टक्के, म्हणजे 18 दिवस बुडाले की राज्य त्या मुलाला क्रॉनिकली अॅबसेंट (सतत गैरहजर) धरतं, मग कारण आजीचं असो की मौजेचं.

तुमच्याकडे मध्ये 19 ला जुनटीन्थची सुट्टी आणि मग शनिवार-रविवार, म्हणजे 20 ला निघालात तर बुडतात 22 ते 26 असे पाच दिवस. डिसेंबरात गेला नसाल आणि आधीच्या गैरहजेऱ्या कमी असतील तर जा. खरंच जा. तिकिटं बदलायचे चौघांचे पैसे त्या सिनेमावर घालवू नका. फक्त टीचरला आत्ताच मेल करा, मेमध्ये नको, सरळ लिहा की आधी ठरलेला प्रवास आहे, आजारी असल्याची थाप नको, मुलगाच सोमवारी मित्राला मेसेज करेल विमानतळावरून. रिपोर्ट कार्ड, लायब्ररीची पुस्तकं, लॉकर, नर्सकडची औषधं, सगळं निघायच्या आधी. आणि पाचवी तुमच्या शाळेतली शेवटची इयत्ता असेल तर मूव्हिंग-अपचा, म्हणजे निरोपाचा, कार्यक्रम कधी आहे ते विचारून घ्या, बर्फामुळे तो पण पुढे सरकलेला असू शकतो आणि त्याची हळहळ पोराला जन्मभर राहते, अपूर्णांकांची नाही राहत.

कुणीतरी म्हणेलच की मग ऑनलाइन घ्या ना, कोविडमध्ये नाही का घेतलं. आपल्या राज्यात बर्फाच्या दिवशीची ऑनलाइन शाळा 180 मध्ये धरत नाहीत. त्याआधी ब्लिझार्ड बॅग म्हणून प्रकार होता, गृहपाठाचं पाकीट घरी द्यायचं आणि दिवस भरला म्हणायचं, तो राज्याने 2020-21 पासून बंद केला आणि मला दुःख झालं नाही, त्या पाकिटात शब्दकोडीच जास्त असायची. न्यूयॉर्क शहराने ऑनलाइनचा रस्ता धरला तर 13 फेब्रुवारी 2024 ला सकाळी पोरांना लॉगिनच होईना. आणि चाललं तरी दुसरीतल्या पोराला स्क्रीनसमोर बसवायचं म्हणजे एका पालकाची रजा, ज्याची नोकरी रजा देणारी असेल त्याची.

न भरून काढणं सरसकट मान्य न करण्याचं माझं एक कारण अभ्यासाशी संबंधितच नाही. शाळा बंद म्हणजे कॅफेटेरियातल्या बायका आणि बस चालवणारे, ज्यांना तासावर पैसे मिळतात, त्यांचा त्या दिवसाचा पगार बंद, तो जूनमध्ये तरी परत मिळतो. आणि शाळेचं जेवण. आपल्या मुलांचा डबा घरून जातो म्हणून आपल्याला हे दिसत नाही. आमच्या शाळेत लांब बंदनंतरच्या पहिल्या सकाळी ब्रेकफास्टची रांग दुप्पट असायची, ती बघितली की 180 दिवसांचा हट्ट अगदीच मूर्खपणाचा वाटत नाही.

मग माझ्या हातात असतं तर? पहिले पाच दिवस कुणीही भरून मागू नयेत, ओहायोसारखा तासांचा हिशोब लावावा. सहाव्या दिवसापासून फेब्रुवारी किंवा एप्रिलच्या सुट्टीतले एक-दोन दिवस घ्यावेत, पण हे ऑगस्टमध्येच कॅलेंडरवर छापून, ऐनवेळी नाही. न्यू जर्सीत नणंद राहते, तिकडच्या बऱ्याच शाळांच्या कॅलेंडरखाली ओळच असते की इतके दिवस बंद राहिली तर स्प्रिंग ब्रेकमधली अमुक तारीख जाईल. लोक त्या हिशोबाने तिकिटं काढतात, थोडी कुरकुर करतात आणि गप्प बसतात. आमच्याकडे फेब्रुवारीचा आणि एप्रिलचा आठवडा म्हणजे देवघर, हात लावायचा नाही. एकदा आमच्या मीटिंगमध्ये एप्रिलचे दोन दिवस घ्यायचा विषय निघाला तर फ्लोरिडाची बुकिंग केलेल्या पालकांनी आणि, खरं सांगायचं तर, आम्ही शिक्षकांनीही मिळून तो पाडला. मी पण विरोधात मत दिलं होतं. तेव्हा वाटलं होतं हिवाळा संपलाच आता. त्यानंतर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक स्नो डे झाला.

रोज दहा मिनिटं शाळा वाढवा हा उपाय कागदावर छान दिसतो, पण 39 दिवस वाढवलं तेव्हा साडेसहा तासांचा एक दिवस भरतो आणि एकेका पिरियडच्या वाट्याला येतं दीड मिनिट, तेवढ्यात पोरं वही उघडतात.

आणि पुढच्या वर्षीचं एवढं करा, कॅलेंडर आलं की शेवटचा दिवस म्हणून ठळक अक्षरात जी तारीख असते ती बघूच नका, ती 180 वी असते. बारीक अक्षरात खाली 185 वी तारीख लिहिलेली असते, तिच्यानंतरच्या शनिवारचं तिकीट काढा. बाकी पोराला सांगा की बर्फ हवा असेल तर पायजमा उलटा घालून, उशीखाली चमचा ठेवून झोपायचं आणि टॉयलेटमध्ये बर्फाचे खडे सोडायचे, इथल्या सगळ्या पोरांचा त्यावर विश्वास असतो. माझी धाकटी आता नववीत आहे, जानेवारीत तिची चादर झटकताना उशीखालून आमटीचा डाव निघाला.