छापून आलेल्या संशोधन पेपरात चूक सापडली तर?

प्रश्न: माझ्या पेपरात एका टेबलमधला आकडा चुकलाय, आता लक्षात आलं. जर्नलला कळवलं तर पेपर रद्द होईल का?

उत्तर: अहो घाबरू नका, आजच एडिटरला मेल करा. निष्कर्ष बदलत नसेल तर नुसती दुरुस्ती छापतात, पेपर तसाच राहतो. चौकशी चालू असेल तर आधी शंकेची सूचना लावतात, आणि डेटा बनावट निघाला किंवा चुकीमुळे निष्कर्षच टिकत नसेल तर रिट्रॅक्शन, म्हणजे पेपर मागे घेणं, पण तेव्हाही पेपर गायब करत नाहीत, त्यावर तसा शिक्का मारून ठेवतात. खरा त्रास उशिराचा आहे. लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमधला पेपर १९९८चा, तो पूर्ण मागे घेतला २०१० मध्ये, तोवर किती आईबापांनी लस टाळली!