जिओ ग्रुप, कोअरसिव्हिक या अमेरिकेतल्या खासगी तुरुंग चालवणाऱ्या कंपन्यांचा धंदा सध्या जोरात आहे म्हणतात. पुढे काय होईल? भारतात बसून शेअर घ्यावेत का?

घेऊ नका.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की "ट्रम्प परत आलाय म्हणजे कोठड्या भरणार आणि शेअर चढणार". हे तर्कशास्त्र मी आमच्या घरात 2019 पासून ऐकतेय, म्हणून एवढं लिहायला बसले. नाहीतर शेअरच्या प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही.

माझे दीर न्यू जर्सीत एडिसनला राहतात, आम्ही तिथून जवळच. 2019 ची दिवाळी त्यांच्याकडे होती. चकल्यांची ताटली अजून फिरत होती तोवर भावोजींनी लॅपटॉप उघडून माझ्या नवऱ्यापुढे धरला. जिओ ग्रुपचा शेअर पंधरा डॉलरच्या आसपास आणि वर्षाचा डिव्हिडंड एक डॉलर ब्याण्णव सेंट. म्हणजे बारा टक्क्यांच्या वर. "दादा, बँक दोन टक्के देत नाही. रिटायरमेंटचे पैसे यात टाक आणि झोप." तेव्हा या दोन्ही कंपन्या कागदोपत्री रिअल इस्टेट ट्रस्ट होत्या, म्हणजे नफ्यातला बहुतेक भाग डिव्हिडंड म्हणून वाटणं त्यांना भाग होतं. तुरुंगाची इमारत म्हणजे भाड्याची इमारत, अशी ती मांडणी.

मी त्या वेळी एका बँकेत कर्जखाती तपासायचे. कोणाचं खातं बुडीत जाईल हे आधी ओळखणं हेच माझं काम होतं. बारा टक्के डिव्हिडंड दिसला की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, बाजाराला यांच्याबद्दल काय माहीत आहे? मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन एवढंच विचारलं, "भावोजी, यांना कर्ज कोण देतं?"

त्याच वर्षी मार्चमध्ये जेपी मॉर्गनने आणि जूनमध्ये बँक ऑफ अमेरिकाने खासगी तुरुंगांना नवीन कर्ज देणार नाही म्हणून जाहीर केलं होतं. पाठोपाठ आणखी बँका निघाल्या. जिओवर तेव्हा अडीच अब्ज डॉलरच्या वर कर्ज होतं. सगळा नफा वाटून टाकायचा, कर्ज फिरवत राहायचं आणि कर्ज देणारे मात्र एकेक करून उठून चाललेत. यावर भावोजी हसले आणि म्हणाले, "वहिनी, अमेरिकेत मॉल ओस पडतील, तुरुंग कधी रिकामे राहिलेत का?"

जाऊबाई हसल्या, माझा नवराही हसला. "हिला प्रत्येक गोष्टीत बुडीत खातंच दिसतं," असंही कोणीतरी म्हणालं. आम्ही पैसे टाकले नाहीत, पण त्यासाठी घरी गेल्यावर नवऱ्याशी वेगळं भांडण झालं. भावोजींनी टाकले. किती, ते त्यांनाच माहीत.

तुरुंग रिकामे राहतात का, याचं उत्तर या कंपन्यांच्याच वार्षिक अहवालांत असतं. "आयडल फॅसिलिटीज" म्हणून यादीच असते. बांधलेली, कुंपण घातलेली, आणि आत माणूस नसलेली ठिकाणं. त्यांचा विमा, कर, देखभाल चालूच. दर माणसामागे दर दिवसाला शंभर डॉलरच्या आसपास असा हा हिशोब असतो. माणूस नाही आणि कंत्राटही नाही, तर आवक शून्य.

आणि माणूस आहे की नाही हे गुन्ह्यांवर ठरत नाही, वॉशिंग्टनमध्ये ठरतं. ऑगस्ट 2016 मध्ये ओबामांच्या न्याय खात्याने एक पत्रक काढलं की फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे, कैदी हळूहळू खासगी तुरुंगांतून काढून घेऊ. जिओ एका दिवसात 40 टक्क्यांच्या आसपास आपटला. नोव्हेंबरात ट्रम्प निवडून आले आणि कोअरसिव्हिक एका दिवसात तेवढाच उसळला. जानेवारी 2021 मध्ये बायडेननी पुन्हा तोच आदेश काढला आणि 2022 संपेपर्यंत फेडरल तुरुंग खात्याचं एकही खासगी कंत्राट उरलं नाही. दरम्यान कोअरसिव्हिकने 2020 मध्ये डिव्हिडंड थांबवला, जिओने आधी कापला आणि एप्रिल 2021 मध्ये बंद केला. भाड्याच्या इमारतीची मांडणी दोघांनीही गुंडाळून ठेवली.

बँका गेल्या त्याचा परिणाम व्याजात दिसला. 2024 मध्ये जिओने जुनं कर्ज फेडायला नवीन रोखे काढले, त्यातल्या विनातारण रोख्यांचा दर सव्वादहा टक्के. आमचं घराचं कर्ज तीन टक्क्यांवर होतं. सरकारकडून खात्रीचा पैसा येतो म्हणणाऱ्या कंपनीला बाजार सव्वादहा टक्के लावतो, यातच बाजाराचं मत आलं. त्या वर्षी जिओची उलाढाल 2.42 अब्ज डॉलर आणि निव्वळ नफा 3.2 कोटी डॉलरच्या आत. (त्यात जुनं कर्ज मुदतीआधी फेडल्याचा मोठा एकवेळचा खर्च होता, हे खरं. पण तो खर्चही कर्जाचाच की.) कोअरसिव्हिकची उलाढाल दोन अब्जांच्या आत आणि नफा सातेक कोटी डॉलर. दोघींत प्रकृतीने कोअरसिव्हिक बरी, कर्ज कमी.

आता तुमच्या "सध्या जोरात"कडे येते. 6 नोव्हेंबर 2024, मतदानाचा दुसरा दिवस. जिओ पुन्हा एका दिवसात 40 टक्क्यांच्या आसपास वर. भावोजींनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला आणि खाली लिहिलं, "वहिनींना दाखवा." 2019 मधले शेअर त्यांनी मधल्या काळात विकले होते की ठेवले होते, हे आजतागायत सांगितलेलं नाही. सांगत नाहीत म्हणजे विकले असणार, तेही 2021 मध्ये, सहा-सात डॉलरला. असो.

काम खरंच वाढलं, हे मी नाकारत नाही. इमिग्रेशनच्या कोठडीतली माणसं 2025 च्या सुरुवातीला चाळीस हजारांच्या आत होती, डिसेंबरात पासष्ट हजारांच्या वर गेली. यातली बहुतेक खासगी कंपन्या चालवतात त्या ठिकाणीच असतात. आइस, म्हणजे इमिग्रेशनची अंमलबजावणी करणारं खातं, हेच यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. जिओच्या उलाढालीत त्याचा वाटा 40 टक्क्यांच्या आसपास. जुलै 2025 च्या कायद्याने कोठड्यांसाठी 45 अब्ज डॉलर बाजूला काढले. आमच्या शेजारच्या नूअर्कमध्ये जिओची डेलनी हॉल ही हजार बेडची इमारत रिकामी पडली होती, तिला पंधरा वर्षांचं कंत्राट मिळालं, पूर्ण वर्षाला सहा कोटी डॉलरच्या वर. टेक्सासातलं डिलीचं कोठडी केंद्र, 2,400 बेडचं, कोअरसिव्हिकने पुन्हा उघडलं.

आणि शेअर? जानेवारी 2025 मध्ये जिओ पस्तीस डॉलरला शिवून आला आणि वर्षअखेरीस त्याच्या निम्म्याखाली होता. कोठड्या भरत होत्या तेव्हा पडत होता! "भरणार म्हणजे चढणार" या वाक्याचं काय झालं ते बघा.

कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. बंद इमारत उघडायची तर आधी शेकडो माणसं नेमा, शिकवा, पगार द्या. पैसे नंतर येतात. सरकारने दुसरे पर्यायही काढले: टेक्सासात फोर्ट ब्लिसच्या लष्करी जागेवर पाच हजारांचा तंबूंचा तळ, फ्लोरिडात राज्य सरकारनेच दलदलीत उभारलेली छावणी. कोठडीबाहेर ठेवलेल्या लोकांवर घोट्याच्या पट्ट्याने आणि फोनच्या ॲपने नजर ठेवण्याचं काम, ज्यात जिओला सगळ्यात जास्त मार्जिन, ते अपेक्षेसारखं वाढलंच नाही. 2022 मध्ये तीन लाखांच्या वर माणसं त्यावर होती, 2025 मध्ये आकडा 1 लाख 80 हजारांच्या आसपास अडकला. तिसऱ्या तिमाहीत जिओने 17 कोटी डॉलरच्या वर नफा दाखवला, पण त्यातला मोठा भाग ओक्लाहोमातला लॉटनचा तुरुंग राज्य सरकारला 31.2 कोटी डॉलरना विकून आलेला. बाजाराला ते कळतं. भावोजींनी तो नफ्याचा आकडाही ग्रुपवर टाकला होता, विक्रीचा उल्लेख न करता. मी कंपनीच्या पत्रकातली विक्रीची ओळ खाली चिकटवली. उत्तर आलेलं नाही.

कोर्टाचा खर्च वेगळाच. वॉशिंग्टन राज्यात टॅकोमाच्या कोठडीत दिवसाला एक डॉलर देऊन कामं करून घेतली म्हणून 2021 मध्ये जिओवर 2.3 कोटी डॉलरच्या वरचा निकाल लागला. नूअर्कला जून 2025 मध्ये चार जण भिंत फोडून पळाले. असल्या बातमीने कंत्राट जात नाही, पण पुढचं सरकार आलं की हीच फाइल उघडते.

पुढे काय, हे तुम्ही विचारलंत. 2028 पर्यंत काम भरपूर असेल असं मला वाटतं. त्यानंतरचं निवडणूक ठरवेल, आणि पंधरा वर्षांचं कंत्राटसुद्धा सरकारला मधेच सोडता येतं. म्हणून मी याला गुंतवणूक म्हणत नाही. निवडणुकीवर पैजच लावायची असेल तर निदान सव्वादहा टक्के व्याज भरणाऱ्यावर लावू नका. डिव्हिडंडची वाट तर बघूच नका, दोघीही आता देत नाहीत, स्वतःचे शेअर परत विकत घेतात.

दोन गोष्टी भावोजींच्या बाजूनेही लिहायला हव्यात. काही कंत्राटांत किमान बेडचे पैसे ठरलेले असतात. कॅलिफोर्नियातलं ॲडेलँटोचं कोठडी केंद्र कोर्टाच्या आदेशामुळे काही वर्षं जवळजवळ रिकामं होतं आणि तरी सरकार पैसे मोजत होतं. त्यामुळे रिकामा बेड म्हणजे प्रत्येक वेळी तोटा, असं नाही. शिवाय 2021 मध्ये तळाला घेऊन 2025 च्या जानेवारीत विकणाऱ्याने पाचपट केले असतील. असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

तिसरी गोष्ट त्यांनीच मला ऐकवली आहे. आमचे रिटायरमेंटचे पैसे इंडेक्स फंडात, म्हणजे बाजारातल्या सगळ्याच कंपन्यांचे थोडेथोडे शेअर घेणाऱ्या फंडात आहेत, आणि या दोन्ही कंपन्यांचे सगळ्यात मोठे शेअरधारक असे फंड चालवणारे ब्लॅकरॉक आणि व्हॅनगार्डच. म्हणजे चार-आठ आणे माझेही त्यात आहेत. असू देत. मी विरोध केला होता तो सगळी पुंजी एका गिऱ्हाइकाच्या मर्जीवर टाकण्याला, आणि तो आजही आहे. भावोजी, तुम्ही इथे खोट्या नावाने वाचता हे मला ठाऊक आहे. 2019 चे शेअर कितीला विकलेत ते खाली कमेंटमध्ये लिहा.