वर्षभर केबलीच गुंडाळतोय, शिकणार कधी?

डिचोली तालुक्यातल्या एका आईच्या लांबलचक पत्राचा गोषवारा असा: थोरला मुलगा साखळीला कॉलेजात बीकॉमच्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या चवथीपासून (गणेश चतुर्थीपासून) तो जवळच्याच एका साऊंडवाल्याबरोबर शोला जातो. जत्रेतली नाटकं, भजनं, लग्नं, कधी किनारपट्टीवरचे कार्यक्रम. त्याला लाईव्ह साऊंडमध्येच पुढे जायचं आहे. पण वर्ष होत आलं तरी पात्रांव (म्हणजे मालक) त्याला मिक्सरला, सगळ्या माईकचे आवाज जुळवायच्या यंत्राला, हात लावू देत नाही. बॉक्स उचल, केबल ओढ, केबल गुंडाळ, एवढंच काम. पैसे कधी मिळतात, कधी ‘पुढच्या शोला बघू’. वडील म्हणतात सोडून दे. मुलगा म्हणतो, मुंबईला कोर्स करतो. फी साडेतीन लाख. ‘पोर शिकतंय की नुसतं राबतंय, हे आम्हाला कसं कळावं?’ असं त्या विचारतात.

ताई,

तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेलं वाक्य मी आधी घेतो. ‘पहाटे चारला येतो आणि दुपारपर्यंत कानात शिट्टी वाजते म्हणतो.’ कोर्स, फी, पात्रांव हे सगळं यानंतर. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, आणि या धंद्यात कान गेला म्हणजे सगळंच गेलं. कामगारांच्या आरोग्यासाठी अमेरिकेत वापरतात तो हिशेब सोपा आहे: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. डान्सच्या कार्यक्रमात बेसच्या बॉक्सशेजारी उभं राहणाऱ्याच्या कानावर १०० डेसिबल सहज पडतात. तेव्हा या आठवड्यातच त्याला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कान-नाक-घसा विभागात दाखवा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. आजचा आलेख जपून ठेवला तर दोन वर्षांनी तुलना करता येईल. खिशात इअरप्लग कायम हवेत. फोमचे स्वस्तातले आहेत ते चालतील. वादकांसाठीचे थोडे महाग मिळतात, त्यात आवाज बोदा न होता नुसता कमी होतो. आणि त्याचा पात्रांव स्वतः कानात काही घालतो का, हेही विचारा. त्यावरून माणूस कळतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. केबल गुंडाळणं हे शिकणं आहे की राबणं? दोन्ही असू शकतं, आणि कुठलं आहे ते तुम्ही घरबसल्या तपासू शकता. एक दिवस स्वयंपाक करता करता सहज विचारा, ‘बाबा, त्या माईकच्या केबलीला तीन पिना कशाला रे?’

कोणी शिकवत असेल तर तो सांगेल, की पहिल्या पिनेला बाहेरची जाळी आणि दुसरी-तिसरीला एकच आवाज, पण एकमेकांच्या उलट. स्टेजपासून मिक्सरपर्यंत येताना लाईटच्या वायरींची घरघर दोन्ही तारांत सारखीच शिरते. मिक्सर एका तारेतून दुसरी वजा करतो तेव्हा घरघर कटते आणि आवाज शिल्लक राहतो. कॉमर्सच्या मुलाला ही वजाबाकी अवघड नाही. मग त्याला केबल गुंडाळून दाखवायला सांगा. एक वेढा सरळ, पुढचा मनगट आत वळवून उलटा, परत सरळ, परत उलटा. सगळे वेढे एकाच दिशेने घेतले की दर वेढ्याला केबलीत एक पीळ भरतो. पुढच्या शोला ती सोडताना गाठी मारते, आणि आतल्या बारीक तारा हळूहळू तुटत जातात. एकाआड एक उलटा वेढा घेतला की पिळाने पीळ जातो, आणि टोक धरून गुंडाळी फेकली की वीस मीटरची केबल सरळ जाऊन पडते. कोपर आणि अंगठ्यात दोरीसारखी गुंडाळत असेल तर समजा, वर्षभरात त्याच्याकडे कोणी बघितलेलंच नाही.

तुमच्या मुलाला ही कारणं सांगता आली, तर वर्ष वाया गेलेलं नाही. मिक्सर नंतर येतोच. स्टेजवर कुठली तार कुठून कुठे गेली आहे हे ज्याच्या डोक्यात नाही, त्याला मिक्सरवर बसवलं तर एखादा माईक बंद पडल्यावर तो नुसता बटणं चाचपत बसेल. नाटकात आमची वाक्यं तोपर्यंत हवेत विरतात. (मी गावच्या उत्सवातल्या नाटकात दरवर्षी काहीतरी सोंग घेतो, त्यामुळे साऊंडवाल्यांच्या तावडीत सापडण्याचा अनुभव मला आहे.) सांगता आली नाहीत, तर मात्र पात्रांवशी बोलायला हवं.

पात्रांव कसा ओळखावा याची माझी एक खूण आहे. स्पीकरमधून ‘हुम्म्’ असा आवाज येऊ लागला की काही जण सरळ प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. आवाज थांबतो, लोक खूश. पण पुढे कुठे गळती झाली की वीज जायला वाट उरत नाही, आणि गिटारच्या तारांना हात लावून माईकला ओठ टेकवणारा गायक त्या वाटेत सापडतो. हुम्म् घालवायचे रीतसर उपाय आहेत: स्टेज आणि मिक्सर एकाच ठिकाणाहून वीज घेतील असं बघणं, किंवा कीबोर्ड आणि मिक्सर यांच्या मध्ये डीआय बॉक्स ही छोटी जोडपेटी लावून त्याच्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण वापरणं. पिन तोडणारा माणूस कितीही मोठा नावाजलेला असो, त्याच्याकडे मुलाला पाठवू नका. जनरेटरचं तसंच. थ्री फेजचा न्यूट्रल (सामायिक परतीची तार) ढिला झाला तर २३० व्होल्टच्या लाईनवर त्याहून किती तरी जास्त दाब येऊन अ‍ॅम्प उडतात. म्हणून चांगला माणूस डीबीला (वीज वाटून देणाऱ्या पेटीला) नव्या पोराला हात लावू देत नाही, पण मीटर लावून व्होल्टेज कसं बघायचं ते शेजारी उभं करून दाखवतो. हात लावू न देणं आणि बघू न देणं यात फरक आहे. तुमच्या मुलाच्या बाबतीत कुठलं चाललंय, ते त्यालाच विचारा.

बघण्यावरून एक प्रसंग सांगतो. आमच्या देवळात श्रावणातल्या भजनाला एक वयस्कर साऊंडवाले येतात. मागच्या खेपेला बुवांच्या माईकमध्ये टाळांचा खणखणाट इतका शिरत होता की अभंगाचे शब्दच लागेनात. त्यांच्याबरोबरचा पोरगा मिक्सरवर ट्रेबल, म्हणजे आवाजातला वरचा चिरका भाग, कापायला सरसावला. त्यांनी त्याचा हात अडवला, स्वतः उठले, बुवांचा माईक चार बोटं तोंडाजवळ नेला आणि स्टँड असा फिरवला की टाळकरी माईकच्या पाठीशी आले. परत येऊन गेन, म्हणजे त्या माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, थोडा खाली घेतला. शब्द लख्ख ऐकू आले. भजन संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. सामान टेम्पोत चढवताना त्यांनी पोराला विचारलं, ‘माईक का हलवला, सांग.’ त्याला येईना. मग त्यांनी सांगितलं, की हा माईक समोरचं ऐकतो, पाठीमागचं फार कमी ऐकतो. म्हणून तर मॉनिटरचा, गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा, बॉक्स गायकाच्या समोर, माईकच्या पाठीकडे ठेवतात. आणि तोंड जवळ आलं की गेन कमी लागतो, गेन उतरला की आजूबाजूचं सगळंच उतरतं. ट्रेबल कापलं असतं तर टाळांबरोबर बुवांचे ‘स’ आणि ‘श’ पण गेले असते.

जाणत्यांकडून शिकायची वेळ ही अशी असते, आणि ती तुमच्या मुलाने हेरायला हवी. शो चालू असताना विचारलं तर ओरडाच मिळेल, आणि तो योग्यच आहे. साऊंडचेकलाही माणूस घाईत असतो. सामान बांधताना, टेम्पोत परतताना, दुसऱ्या दिवशी गोदामात माणूस मोकळा होतो. ‘मला शिकवा’ असं मोघम म्हणू नये, त्यावर ‘बघत राहा’ एवढंच उत्तर येतं. ‘दुसऱ्या अंकात तुम्ही मधला टांगता माईक बंद का केला?’ असं विचारावं. त्यासाठी आधी ते दिसलेलं असावं लागतं. त्याने एक वही ठेवावी: कुठल्या चॅनेलला कोण होतं, कुठला माईक, कुठे ठेवला, स्पीकरने शिट्टी कधी मारली, पात्रांवने तेव्हा काय केलं. मोबाइलमध्ये फोटो काढून हे होत नाही. फोटो कोणी परत बघत नाही.

पावसाळ्याचे महिने आपल्याकडे मंदीचे, बाहेरचे कार्यक्रम जवळपास बंद. पुष्कळ पोरं तेव्हा घरी बसतात. खरं तर गोदामात बसायचे हेच दिवस: तुटलेल्या केबली सोल्डर करणं, माईकची जाळी धुणं, दमटपणाने बुरशी धरलेले कनेक्टर साफ करणं. वरिष्ठ माणूसही तेव्हा गप्पांना मोकळा असतो. मिक्सरला हात लावायचा असेल तर तोही तिथेच लावता येईल. पात्रांवकडे बेहरिंगर एक्स३२ किंवा त्या जातीचा डिजिटल मिक्सर असेल, तर शोमधले ३२ चॅनेल यूएसबीने लॅपटॉपवर वेगवेगळे रेकॉर्ड करता येतात आणि नंतर तेच मिक्सरमध्ये परत सोडता येतात. म्हणजे परवाचं भजन गोदामात पुन्हा उभं राहतं, आणि मुलगा शंभरदा चुकला तरी समोर प्रेक्षक नाहीत. ही मागणी त्याने जरूर करावी. कोणाचं नुकसान नाही, त्यामुळे नकार द्यायला पात्रांवकडेही फारसं कारण नाही.

एकाच माणसाकडे चिकटून राहू नये, हेही सांगतो. नाटकवाला शब्दाला जपतो, लग्नवाला बेसला. साखळीच्या रवींद्र भवनात नाटकं होतात तेव्हा त्याने शेवटच्या रांगेत बसून संवाद कुठे बुडतात ते ऐकावं. मडगावला जाऊन एखादं तियात्र (कोकणीतलं गाण्यांचं नाटक) बघावं. प्रवेशांच्या मधली कांतारां, म्हणजे गाणी, बँडबरोबर जिवंत गातात, आणि संवाद ते बँड अशी उडी मिनिटाभरात मारणारा साऊंडवाला बघण्यासारखा असतो. आपल्या मराठी पोरांना तिकडे जायचं सुचत नाही, का कोण जाणे. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, डिसेंबरात सेरेंडिपिटी हा कला महोत्सव. त्या दिवसांत बाहेरचे मोठे साऊंडवाले पणजीत उतरतात आणि त्यांना स्थानिक हात लागतात. तिथे चार दिवस ओझी वाहिली तरी हरकत नाही, मात्र वर टांगायच्या स्पीकरच्या साखळ्या-मोटरींना हात लावायचा नाही, आणि कोणी लावायला सांगितलं तर नाही म्हणायचं.

कायद्याची एक गोष्ट लहान वाटते पण गोव्यात रोज लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगांना सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. परवान्याचा कागद वाचता येणारा आणि स्पीकर वस्तीकडे पाठ करून लावणारा पोरगा आयोजकांना हवा असतो, कारण पोलीस आले की बोलावं साऊंडवाल्यालाच लागतं.

आता साडेतीन लाख. यंदा देऊ नका. वर्ग वाईट असतात असं नाही. आवाजाचं शास्त्र, ईक्यू (आवाजातल्या पट्ट्या कमी-जास्त करणं), डिले (आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडणं) हे नीट क्रमाने शिकायला वर्ग चांगलाच. पण बरेचसे कोर्स स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगभोवती फिरतात, आणि तुमच्या मुलाला हवं आहे ते स्टेज. फी भरण्याआधी लाईव्हचे तास किती आणि एका मिक्सरमागे मुलं किती, हे लेखी विचारा. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत ध्वनीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण तो सिनेमाच्या अंगाने जातो आणि त्याला पदवी लागते. म्हणून, आणि एरवीही, बीकॉम सोडायचं नाही. वडलांना हे सांगा, त्यांचा अर्धा विरोध इथेच मावळेल. कोटेशन, जीएसटी, भाड्याच्या सामानाचा घसारा हे ज्याला कळतं तो पुढे स्वतःचा सेट उभा करू शकतो. नुसतं कान चांगले असून भागत नाही. विजेची गोडी वाटली तर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा ट्रेड पदवीनंतर करता येईल, आणि माझ्या मते मुंबईच्या कोर्सपेक्षा तो या धंद्यात जास्त कामाला येईल.

राहिले पैसे. शिकाऊ पोराला कमी मिळणार हे मान्य, पण किती आणि कधी हे ठरलेलं हवं. वडलांनी एकदा पात्रांवला भेटावं, भांडायला नव्हे, आणि तीन गोष्टी विचाराव्यात. शोमागे किती देणार आणि कुठल्या तारखेला? रात्री टेम्पो कोण चालवतो, तो दिवसभर शोवर राबलेला तर नसतो ना? आणि येत्या चवथीपर्यंत एखादी शाळेची गॅदरिंग किंवा आरतीचा दोन माईकचा छोटा सेट पोराच्या हाती एकट्याने देणार का? तिसऱ्याला ‘हो’ आलं तर पुढचं वर्ष तिथेच काढू द्या. पहिल्या दोन्हींना टोलवाटोलवी झाली, तर डिचोली ते म्हापसा या पट्ट्यात साऊंडवाले पुष्कळ आहेत, आणि वर्षभर नीट केबल गुंडाळलेल्या पोराला त्यातला कोणीही ठेवून घेईल.

ऑडिओमेट्रीत काही वेगळं निघालं तर मात्र मला आधी कळवा, मग यातलं बरंच काही मला बदलून सांगावं लागेल.