ट्रेमधला आयकॉन गायब, शटडाउनला सेव्ह नाही: दोन्हीचं मूळ एकच

एक्सप्लोरर (टास्कबार चालवणारा विंडोजचा प्रोग्राम) रीस्टार्ट झाला की तुमच्या अ‍ॅपचा ट्रेमधला, म्हणजे टास्कबारच्या कोपऱ्यातला, आयकॉन परत येत नाही आणि विंडोज बंद करताना शेवटच्या नोंदी सेव्ह होत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. हे दोन वेगळे बग समजू नका. मीही यातून गेलोय. तुमचा कोड पाहिलेला नाही, तरी जवळजवळ खात्रीने सांगतो की तुमची लपलेली विंडो मेसेज-ओन्ली, म्हणजे फक्त थेट तिलाच पाठवलेले मेसेज घेणारी, आहे. विंडो बनवणाऱ्या क्रिएटविंडोएक्स फंक्शनला पेरेंट म्हणून एचडब्ल्यूएनडी_मेसेज दिलंय का, ते आधी शोधा. मेसेज लूप (आलेले मेसेज एकेक करून हाताळणारा कोड) तुम्हाला येतोच, त्यात शिरत नाही.

अशा विंडोला ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम पाठवलेले, मेसेज पोचतच नाहीत. टास्कबार नव्याने तयार झाल्यावर येणारा 'टास्कबारक्रिएटेड', शटडाउनचा डब्ल्यूएम_क्वेरीएंडसेशन, सेटिंग बदलल्याचा डब्ल्यूएम_सेटिंगचेंज हे सगळे टॉप-लेव्हल (दुसऱ्या विंडोच्या आत नसलेल्या) विंडोंना जातात. चूक लवकर सापडत नाही, कारण आयकॉनवरच्या क्लिकचा मेसेज थेट तुमच्या विंडोच्या हँडलवर (तिच्या ओळख-क्रमांकावर) येतो. मेनू उघडतो, डबल-क्लिक चालतं, टेस्टिंगमध्ये सगळं पास. बोंब होते ती ग्राहकाकडे.

तयार लायब्ररी वापरत असाल तर तिच्या आतच हे दडलेलं असू शकतं. अशा एका लायब्ररीच्या सपोर्टने मला आधी अँटीव्हायरस बंद करायला, मग विंडोज रीइन्स्टॉल करायला सांगितलं. विंडो कोणत्या प्रकारची आहे, या साध्या प्रश्नाला शेवटपर्यंत उत्तर नाही. पैसे घेऊन असा सपोर्ट देणं मला मान्य नाही. त्यांच्या मागे लागू नका, स्वतः तपासा: टॉप-लेव्हल विंडोंची यादी देणाऱ्या एनमविंडोजच्या यादीत तुमची विंडो दिसत नसेल आणि फाइंडविंडोएक्सला पेरेंट म्हणून एचडब्ल्यूएनडी_मेसेज दिल्यावर सापडत असेल, तर विषय संपला.

उपाय: विंडो बनवताना पेरेंट नल, स्टाइल डब्ल्यूएस_पॉपअप, एक्स्टेंडेड स्टाइल डब्ल्यूएस_ईएक्स_टूलविंडो, आणि शोविंडो कधीच कॉल करायचं नाही. विंडो दिसत नसली तरी टॉप-लेव्हल असते, म्हणून ब्रॉडकास्ट मिळतात. रजिस्टरविंडोमेसेजने 'टास्कबारक्रिएटेड'चा नंबर घ्या आणि तो आला की आयकॉन पुन्हा लावायला शेल_नोटिफायआयकॉन एनआयएम_अ‍ॅडसह पुन्हा कॉल करा. अ‍ॅप अ‍ॅडमिन म्हणून चालत असेल तर एक्सप्लोररचा हा मेसेज अडवला जातो. त्यासाठी चेंजविंडोमेसेजफिल्टरएक्सने त्याला परवानगी द्यावी लागते.

आता सेव्हचं. क्वेरीएंडसेशनला लगेच ट्रू परत करा. तिथे 'सेव्ह करू का?' असा डायलॉग अजिबात उघडू नका. खरं काम डब्ल्यूएम_एंडसेशनमध्ये, तेही डब्ल्यूपॅरम (मेसेजसोबत येणारी किंमत) ट्रू असेल तरच, कारण दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपने शटडाउन अडवलं तर तो फॉल्स येतो. या हँडलरमधून बाहेर पडलात की प्रोसेस कधीही मारली जाऊ शकते. पोस्टक्विटमेसेज टाकून लूपनंतरच्या क्लीनअपवर विसंबू नका, तो कोड चालेलच असं नाही. हाताशी साधारण 5 सेकंद असतात. जास्त लागणार असतील तर विस्टापासून शटडाउन कारण देऊन थांबवणारं शटडाउनब्लॉकरीझनक्रिएट आहे, पण ते विंडो बनवणाऱ्या थ्रेडवरूनच कॉल करावं लागतं. माझं स्पष्ट मत असं की नोंद झाली त्याच क्षणी डिस्कवर जावी, शटडाउनसाठी काही शिल्लक ठेवूच नये.

एक धोका मात्र वाढतो. टॉप-लेव्हल विंडो ज्या थ्रेडवर आहे तो मेसेज उपसत नसेल, तर सेंडमेसेजने ब्रॉडकास्ट करणारा दुसऱ्या कुणाचा इन्स्टॉलरही तुमच्यामुळे अडकून पडतो. त्या थ्रेडवर वेटफॉरसिंगलऑब्जेक्ट इन्फिनिट लावून बसू नका, मेसेज आला की जागं होणारं एमएसजीवेटफॉरमल्टिपलऑब्जेक्ट्स वापरा.

तपासायला दरवेळी मशीन बंद करायची गरज नाही. साइन आउट केलं तरी क्वेरीएंडसेशन येतो, आणि आयकॉनसाठी टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर रीस्टार्ट करा. ब्रेकपॉइंट लावू नका, त्या 5 सेकंदांत काही हाती लागत नाही. लॉग फाइलमध्ये लिहा आणि प्रत्येक ओळीनंतर फ्लश करा.

हे सगळं विन32 सी++ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. क्यूटी किंवा डॉटनेट असेल तर तसं सांगा, तिथे लपलेली विंडो फ्रेमवर्क बनवतं.