डोळे मिटले की हॉस्पिटलमधलीच आई दिसते

‘आईला जाऊन सात-आठ महिने झाले, पण डोळे मिटले की हॉस्पिटलमधलीच दिसते. आधीची आई कुठे गेली?’ शब्द बदलतात, पण समुपदेशनाला आलेल्यांच्या, समोरच्या खुर्चीतून हाच प्रश्न इतक्यांदा येतो की आज एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून सगळं बदललेलं आहे.

बाई चाळिशीतल्या. आईबद्दल विचारलं की पाठ केल्यासारखं सांगायच्या : एकटीने खूप प्रवास केला, जाईल तिथली चित्रं काढली, उरल्यासुरल्या कापडांची पांघरुणं शिवली, वस्तीतल्या मुलींना शिवण शिकवलं, कुणाचंही आजारपण असो, ही हजर.

“हे शोकसभेतलं भाषण झालं,” मी म्हटलं. “तुमची आई सांगा.”

त्या गप्प. जाताना म्हणाल्या, “बहीण म्हणते, मी अजून ‘स्वीकारा’च्या पायरीवर आले नाहीये.”

दुःखाच्या या पाच पायऱ्यांनी (नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि शेवटी स्वीकार) फार लोकांना छळलंय. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटल्या. दुःख जिना चढत नाही. सकाळी रडू येतं, दुपारी आपण बँकेत रांगेत उभे असतो, संध्याकाळी पुन्हा रडू येतं. असं आत-बाहेर होणं हेच सावरणं आहे.

पहिले दोन आठवडे मीही चुकलेच. जुने फोटो आणा, प्रवासातली चित्रं आणा, असं सांगत राहिले. चांगल्या आठवणी आणल्या की ते वाईट चित्र पुसलं जाईल, असं वाटत होतं. पुसलं गेलं नाही.

तिसऱ्या वेळी त्या चित्रांची वही चाळता चाळता एकदम फणकारल्या. “सगळ्यांच्या आजारपणात हजर म्हणे! माझा हात मोडला तेव्हा बाईसाहेब प्रवासात होत्या. चार दिवसांनी आली आणि माझ्या प्लास्टरवर मोर काढला. मला मोर नको होता, मॅडम.”

“मग ती तुमच्या एकटीच्या वाट्याला कधी आली?”

बराच वेळ गेला. मी काही बोलले नाही. (गप्प बसणं शिकायला मला दहा वर्षं लागली.)

“हॉस्पिटलमध्ये,” त्या म्हणाल्या. “शेवटचे सहा आठवडे. रात्री फक्त ती आणि मी.”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. जे चित्र घालवायला त्या आल्या होत्या, तेच त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं. आयुष्यभर सगळ्यांची असलेली आई तिथेच काय ती त्यांची झाली होती. ते चित्र सोडलं असतं, तर हातात काय उरलं असतं?

तेव्हापासून मी कुणालाही ‘ते आठवू नका’ म्हणत नाही. उलट म्हणते, त्या खोलीत जाऊन नीट बघा, आणखी काय होतं तिथे? गेलेल्या माणसाला सोडून द्यायचं असतं, ही समजूत जुनी झाली. शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवलं की नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं. माझा अनुभवही तसाच आहे. त्या नात्यात मोराचा रागही मावला पाहिजे. नुसती गुणी आई आठवायला गेलं की ती पुतळ्यासारखी लांब जाते.

आणि इतरांकडे जा. ‘ती कशी होती’ विचारू नका, पुन्हा भाषणच मिळेल. ‘तुझ्यावर कधी चिडली होती?’ असं विचारा. या बाईंना शिवण शिकलेल्या एका मुलीने सांगितलं, “टाका वाकडा गेला की अख्खी शिवण उसवायला लावायच्या.” ही आई त्यांच्या ओळखीची निघाली.

एक मात्र सांगून ठेवते. सहा महिने उलटूनही तीव्र दुःखामुळे रोजची कामं, माणसं, काहीच जमत नसेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत त्याला आजार म्हणून स्थान आहे. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, संकोच करू नका. या बाई नोकरी सांभाळत होत्या, झोपत होत्या. त्यांना नुसतं बोलायचं होतं.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, “अजून हॉस्पिटल दिसतं?”

“दिसतं.” त्यांनी पर्समधून रिपोर्टचं एक चुरगळलेलं पाकीट काढलं. मागच्या बाजूला पेनाने काढलेली नर्स होती. “आईने एका रात्री काढलं. नाक मोठं झालं म्हणून नर्स दोन दिवस रुसली होती. हे मी विसरलेच होते.”

नाक खरंच फार मोठं होतं.