हिरव्या नेटने साइटची माती अडेल का?

जळगावजवळच्या साइटवर खोदकामाचा ढीग पडलाय, पावसात माती शेजारच्या शेतात जाऊ नये म्हणून हिरवी नेट लावली तर चालेल का आणि खर्च किती, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. ती नेट ऊन आणि धूळ अडवायला असते. गढूळ पाणी तिच्यातून सरळ जातं.

धुळ्याजवळ एका प्लॉटिंगवर मी सुपरवायझर होतो. मे महिन्यात शेजारचे नाना बांधावर येऊन म्हणाले, "भाऊ, ढीग अठे नका टाकू, हाऊ पानीना रस्ता शे." ठेकेदार म्हणाला, ओघळ कोरडा आहे, नेट मारून टाक. अर्ध्या दिवसाचं जेसीबीचं भाडं वाचवायचं होतं, दुसरं काही नाही. मी गप्प बसलो, ते अजून सलतं.

मृगाचा पहिला पाऊस रात्री तासभरच पडला. सकाळी नेट खांबांसकट आडवी. नानांनी ठिबकवर लावलेली कपाशी चार पानांवर आली होती. तिच्या पाच ओळी गाळाखाली, नळ्यासुद्धा दिसेनात. नाना ओरडले नाहीत. उकिडवे बसून बोटांनी एकेक रोप मोकळं करत होते. ठेकेदार गाडीतून उतरलाही नाही, "निसर्गापुढे काय करणार" म्हणाला. निसर्गाने ढीग ओघळात टाकला नव्हता.

म्हणून आधी पाणी वळवा. ढिगाच्या वरच्या अंगाला चर खणा म्हणजे वरचं पाणी ढिगाला लागणारच नाही. ढीग ताडपत्रीने झाका. सुकलेली काळी ढेकळं पाणी लागताच विरघळतात. खालच्या अंगाला मातीच्या गोण्या लावा. जाड जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) लावलं तर त्याची खालची कड वीतभर खोल पुरा, नाहीतर पाणी खालून वाट काढतं. पायथ्याशी गाळाचा खड्डा हवाच. पण त्याच्यावर फार विसंबू नका. चिकणमातीचा कण 2 मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून, बारीक असतो, स्थिर पाण्यातही मीटरभर खाली बसायला त्याला निदान अडीच-तीन दिवस लागतात. एकदा सुटलेली काळी माती पकडणं अवघडच.

हे सगळं काळ्या जमिनीचं. मुरमाड असेल तर जाड कण खड्ड्यात लवकर बसतात, गोण्या आणि खड्ड्यावर बरंच भागतं. उतार मी पाहिलेला नाही, तेव्हा ढिगाची जागा ठरवण्याआधी शेजारच्या शेतकऱ्याला बांधावर बोलवा आणि पाणी कुठून येतं ते विचारा. ठेकेदाराला सोबत उभं करा, त्याच्या कानावर पडू द्या.