सांधे सुधारले, पण चट्ट्यांचं काय?

प्रश्न : चार वर्षं झाली, मला सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिस या कातडीच्या आजाराबरोबर येणारा संधिवात, आहे. औषधांनी सांधे आता बरेच मोकळे झालेत, डॉक्टरपण खूश आहेत. पण डोक्यात आणि कोपरांवर चट्टे आहेतच, खपल्या पडतात, रात्री खाजेने झोप मोडते. काळे कपडे घालणं सोडलं, पोहणं बंद केलं. घरचे म्हणतात, आता दुखत नाही ना, मग कशाला एवढं मनाला लावून घेतेस? मी उगाच बाऊ करतेय का?
– एक वाचक, वय 42

उत्तर : नाही ताई, अजिबात नाही. सांध्यांचा आजार वेगळा आणि कातडीचा वेगळा असं हे नाहीचे, मूळ एकच, आपलीच प्रतिकारशक्ती दोन्हीकडे सूज आणते, त्यामुळे एक बाजू शांत झाली म्हणजे आजार आटोक्यात आला असं धरून चालायचं नाही.

होतं काय की सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेलं की ते बोटं बघतात, सकाळी अंग किती वेळ आखडतं विचारतात, आणि डोक्यातले चट्टे केसांखालीच राहतात, आपणही लाजेने बोलत नाही. स्किनचे डॉक्टर मात्र चट्ट्यांनी रोजचं जगणं किती अडतं हे मोजायला डीएलक्यूआय नावाची प्रश्नावली वापरतात, 1994 पासून आहे ती. गेल्या आठवड्याबद्दल फक्त 10 प्रश्न : खाज किती, लाज वाटली का, कपडे निवडताना विचार करावा लागला का, खेळणं-व्यायाम अडला का, जोडीदाराशी अवघडलेपण आलं का, मलम लावण्यात किती वेळ गेला. मार्क 0 ते 30, आणि 10 च्या वर गेलं की आयुष्यावर मोठा परिणाम धरतात. चट्टा किती मोठा हे त्यात विचारतच नाहीत! तुमच्या पत्रात यातल्या तीन प्रश्नांची उत्तरं आधीच आलीत बघा. झोपेचा प्रश्न मात्र त्यात नाही म्हणून ते वेगळं सांगा, कारण झोप मोडली की दुसऱ्या दिवशी दुखणंही जास्त जाणवतं.

आणि दोन्ही आजार एका अंगात असले की काय होतं ते घरच्यांना कळतच नाही हो. खांदा आखडलेला असताना डोक्याला औषध चोळायचं कसं, सुजलेल्या बोटांनी ट्यूब पिळायची कशी, पाठीला हात पोचतच नाही. त्यांना समजवण्यापेक्षा रोज पाठीला मलम लावून द्यायला सांगा, करता करता कळेल.

पुढच्या भेटीत केस बाजूला करून चट्टे दाखवाच, कारण औषध त्यावरही ठरतं. काही औषधं सांध्यांना छान लागू पडतात पण कातडीला कमी, काही इंजेक्शनं, म्हणजे आयएल-17 किंवा आयएल-23 ही शरीरातली सूज वाढवणारी प्रथिनं अडवणारी, दोन्हीकडे चालतात. तुम्हाला काय योग्य ते दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवलेलं बरं. तोपर्यंत चालू गोळ्या मनाने बंद करू नका आणि स्टिरॉइडच्या गोळ्या तर मनाने सुरूही करू नका, त्या अचानक थांबवल्या की चट्टे उसळू शकतात.

प्रश्न : मला फक्त सोरायसिस आहे, सांधे ठीक आहेत. पुढे होईल का?

उत्तर : सगळ्यांना होत नाही, पण सोरायसिस असलेल्या 100 जणांपैकी साधारण 30 जणांपर्यंत होऊ शकतो, बहुतेकदा चट्ट्यांनंतर काही वर्षांनी. नखांना बारीक खड्डे, टाच दुखणं, एखादं अख्खं बोट सुजणं, सकाळी अर्धा तासाहून जास्त अंग आखडणं, यातलं काही दिसलं तर लगेच संधिवाततज्ज्ञांना दाखवा. संधिवातासाठी रक्तात तपासतात तो आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त राहू नका, या आजारात तो बहुधा निगेटिव्हच येतो.